दात मोजले, त्रास मोजायचा राहिला

(सर्वेक्षणासाठी जाणाऱ्या कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षण बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. शिक्षण इंजिनिअरिंगचं, काम सॉफ्टवेअरचं, आणि दातांच्या दवाखान्याशी माझा संबंध दोन अक्कलदाढा काढून घेण्यापुरता. तरी मला इथे उभं केलं आहे, कारण पुढच्या महिन्यात तुम्ही जो फॉर्म घेऊन घरोघरी जाणार आहात, तो मी बनवला आहे. आणि त्या फॉर्मची पहिली आवृत्ती मी चुकवली होती. चूक कुठे झाली हे तुम्हाला माहीत नसेल, तर फॉर्म कितीही दुरुस्त केला तरी ती तुमच्या हातून पुन्हा होईल. म्हणून आज जास्त वेळ मी त्या चुकीवरच बोलणार आहे.

मी मूळचा मालेगावचा. अब्बा यंत्रमागावर होते, अम्मी घरी कांड्या भरायची. दोन वर्षांपूर्वी माझ्या एका दंतवैद्य मित्राने आमच्या भागात मोफत शिबिर घ्यायचं ठरवलं. तपासणी, दात काढणं, साफ करणं हे सगळ्यांसाठी होतं. पण कवळ्यांसाठी पैसे जमले होते ते पंचवीस जणांपुरतेच. तोंडात दात नसलेली माणसं त्याहून कितीतरी जास्त होती. मग पंचवीस निवडायचे कसे? ओळखीने, शिफारशीने नको, यावर सगळ्यांचं एकमत होतं. मित्र म्हणाला, ‘एक जगमान्य प्रश्नावली आहे, चौदा प्रश्नांची. प्रत्येक उत्तराला गुण असतात. ज्याचे गुण जास्त, त्याला त्रास जास्त. तू फक्त मोबाइलवर फॉर्म करून दे.’ मी दोन संध्याकाळी बसून फॉर्म केला. मला तेव्हा वाटलं, काम संपलं.

ही प्रश्नावली कुठून आली ते थोडक्यात सांगतो.

दातांचे आजार मोजायची जुनी पद्धत म्हणजे डीएमएफटी. क्लाइन आणि पामर यांनी ती १९३८ साली मांडली. किडलेले किती, गेलेले किती, भरलेले किती, या तिघांची बेरीज. पद्धत सोपी आहे, तोंड उघडून कोणत्याही प्रशिक्षित माणसाला मोजता येतं, आणि आजही जगभर ती वापरतात. पण बेरीज कशाची होते ते बघा. एका माणसाचे दहा दात किडले, त्याने चांगल्या डॉक्टरकडे जाऊन दहाही भरून घेतले. त्याचा आकडा दहा. दुसऱ्याचेही दहा किडले, पैसे नव्हते, दुखायला लागले तसे एकेक काढून टाकले. त्याचाही आकडा दहा. पहिला ऊस सोलून खातो, दुसऱ्याला चपाती चावत नाही. बेरजेत दोघे सारखे. ‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ असं आपल्याकडे म्हणतात. डीएमएफटी फक्त दातांचं विचारते. चण्यांचं काय झालं ते तिला कळत नाही.

ही उणीव अनेकांच्या लक्षात आली होती. १९८८ मध्ये डेव्हिड लॉकर यांनी एक मांडणी केली. आजारामुळे तोंडाचं काही बिघडतं, त्यातून दुखणं येतं, काम अडतं, माणूस संकोचतो, लोकांत मिसळेनासा होतो, अशी पायरीपायरीची ती मांडणी होती. तिच्या आधारावर ऑस्ट्रेलियात ॲडलेडला गॅरी स्लेड आणि जॉन स्पेन्सर यांनी ‘ओरल हेल्थ इम्पॅक्ट प्रोफाइल’ तयार केलं. ते १९९४ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की प्रश्न त्यांनी टेबलावर बसून लिहिले नाहीत. ६४ रुग्णांशी बोलून त्यांनी ५३५ वाक्यं गोळा केली आणि ती गाळून ४९ प्रश्न ठेवले. १९९७ मध्ये स्लेड यांनी त्याचंच १४ प्रश्नांचं छोटं रूप केलं. तेच माझ्या हातात आलं होतं.

सात विषय, प्रत्येकाचे दोन प्रश्न. शब्द उच्चारायला त्रास होतो का, चव बिघडली का, तोंडात ठणका लागतो का, खाताना अवघड होतं का, जेवण मध्येच थांबवावं लागतं का, लोकांत अवघडल्यासारखं होतं का, माणसांवर चिडचिड होते का, नेहमीची कामं करायला अडचण येते का, असे. उत्तरं पाच : कधीच नाही, क्वचित, अधूनमधून, बऱ्याचदा, फार वेळा. गुण शून्य ते चार. चौदा चोक छप्पन्न. शून्य म्हणजे काही त्रास नाही, छप्पन्न म्हणजे जगणं मुश्किल.

शिबिराच्या पहिल्या दिवशी शंभरावर फॉर्म भरले गेले. संध्याकाळी मी यादी गुणांप्रमाणे लावली, वरचे पंचवीस काढले आणि मित्राला दाखवले. यादी बघताना मला एक नाव दिसलं नाही. आमच्या शेजारची खाला. साठीच्या पुढची. खालच्या जबड्यात चार दात, वर एकही नाही. लहानपणी मी तिच्या ओट्यावर बसून फुटाणे खाल्ले आहेत, तेव्हा तीही माझ्याबरोबर खायची. मी शोधलं तर ती यादीत खूप खाली होती. छप्पन्नपैकी दोन गुण.

मला आधी वाटलं, फॉर्म भरणाऱ्या मुलाने घाई केली असेल. पण त्याने सगळं नीट विचारलं होतं. मग मी तिचा फॉर्म एकेका प्रश्नाने वाचला.

खाताना अवघड होतं का? कधीच नाही. जेवण मध्येच थांबवावं लागतं का? कधीच नाही. ठणका? कधीच नाही. शरम वाटते का? कधीच नाही. बोलताना त्रास? अधूनमधून. तेच दोन गुण. आणि ‘नेहमीची कामं करायला अडचण येते का’ या प्रश्नासमोर काहीच नव्हतं. कोरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याकडे गेलो. ती चहात पाव बुडवून खात होती. मी विचारलं, ‘खाला, खाने में कोई तकलीफ नहीं?’ म्हणाली, ‘कैसी तकलीफ बेटा, सब भिगो के खा लेती हूँ.’ खरंच होतं ते. रोटी सालनात भिजवायची, नाहीतर खिचडी, दलिया. जे चावावं लागतं ते तिने केव्हाच सोडून दिलं होतं, त्यामुळे चावताना त्रास होण्याचा प्रश्नच राहिला नव्हता. मी विचारलं, ‘आणि बोटी?’ ती हसली. म्हणाली, तिच्या वाट्याची बोटी ती नातवाच्या ताटात टाकते. घरच्यांना ते माहीत होतं. त्यांना वाटायचं, दादीचा जीव आहे त्याच्यावर. जीव होताच. पण बोटी त्याच्या ताटात गेली ती दात गेल्यावर.

ठणक्याचंही तसंच. ती मिश्री लावते. दात दुखायला लागला की आणखी थोडी लावते, फारच झालं तर मेडिकलमधून गोळी. मग दुखत नाही. प्रश्न ‘दुखतं का’ असा आहे, उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि दोन्ही खरं आहे. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू, हे तुम्हाला सांगायला नको. तो दाताचं दुखणं थोपवतो आणि हिरड्यांचं नुकसान करतो. फॉर्मवर यातलं काहीच उमटत नाही.

आता त्या कोऱ्या जागेबद्दल. ही चूक पूर्णपणे माझी. ‘नेहमीची कामं’ याचं मी भाषांतर केलं होतं ‘कामधंदा’. खाला म्हणाली होती, ‘मैं तो कुछ काम नहीं करती.’ फॉर्म भरणाऱ्या मुलाने प्रामाणिकपणे जागा कोरी सोडली. आणि मी फॉर्म असा लिहिला होता की जागा कोरी असली तर तिथे आपोआप शून्य पडायचा. आमच्या धंद्यात ही अगदी पहिल्या वर्षाला शिकवतात ती गोष्ट आहे : माहिती नसणं आणि माहिती शून्य असणं या दोन वेगळ्या गोष्टी. बँकेच्या कामात मी अशी चूक केली असती तर चाचणीतच पकडली गेली असती. इथे चाचणी करणाराही मीच होतो.

मग मी सगळे फॉर्म चाळले. त्या प्रश्नाच्या कोऱ्या जागा जवळजवळ सगळ्या बायकांच्या होत्या. पहाटे उठून पाणी भरणाऱ्या, आठ-दहा जणांचा स्वयंपाक करणाऱ्या, दुपारी कांड्या भरणाऱ्या बायका. त्या सांगत होत्या की आपण काम करत नाही, आणि माझा प्रोग्राम लिहीत होता की त्यांना काम करताना काही अडचण नाही. परिणाम असा की पंचवीसच्या यादीत पुरुष जास्त आले. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. ओळख-शिफारस टाळायला यंत्र आणलं आणि यंत्राने स्वतःचीच शिफारस चालवली.

यादी थांबवली. मित्राने ती पुन्हा तपासणी करून लावली आणि त्याला तीन दिवस जास्त लागले. लोक नाराज झाले, मला दोन-चार जणांनी सुनावलंही. खालाला कवळी मिळाली. पण म्हणून गोष्ट गोड झाली असं समजू नका, कारण त्या यादीत मला ओळखीची अशी एकच खाला होती. बाकी कोण खाली राहिलं असतं ते माझ्या लक्षातही आलं नसतं.

मग मी या विषयावर वाचायला लागलो. आमच्या लोकांना वाईट सवय असते, आधी प्रोग्राम लिहायचा आणि मग विषय समजून घ्यायचा. वाचल्यावर कळलं की खालासारख्यांचा प्रश्न संशोधकांना माहीत आहे. माणूस त्रासाला सरावतो, त्याची ‘ठीक आहे’ची पातळी खाली सरकते, आणि मग तो खरं बोलूनही कमी सांगतो. शिवाय ही प्रश्नावली मुळात समाजगटांचं चित्र काढायला बनवली आहे. ब्रिटनने १९९८ च्या प्रौढांच्या दंतआरोग्य सर्वेक्षणात हेच चौदा प्रश्न वापरले, ते लोकसंख्येचा अंदाज घ्यायला. दोन माणसांत कुणाला आधी द्यायचं हे ठरवायला आम्ही ती वापरली, तिथेच पहिली गफलत होती.

दुसरीही एक प्रश्नावली आहे, ती तुम्हाला माहीत असावी म्हणून सांगतो. अदुल्यानोन आणि शिहाम यांची, थायलंडमधल्या कामातून आलेली, ‘ओरल इम्पॅक्ट्स ऑन डेली परफॉर्मन्सेस’. तिच्यात वाटण्यापेक्षा करण्यावर भर आहे. रोजच्या आठ गोष्टी घेतात : खाणं, बोलणं, दात घासणं, झोप आणि आराम, न लाजता हसणं, मन ताळ्यावर राहणं, काम, आणि माणसांत मिसळणं. प्रत्येकात अडचण किती वेळा येते, शून्य ते पाच, आणि किती जास्त वाटते, शून्य ते पाच. दोन्हींचा गुणाकार. एका गोष्टीचे जास्तीत जास्त पंचवीस, आठांचे दोनशे, मग शंभरात रूपांतर. मला हा प्रकार आवडला, कारण ‘काम’ म्हणजे काय ते यात माणसाला विचारून ठरवता येतं.

पण इथेही गणित करून बघा. एखाद्याला खायला रोज त्रास आहे, आणि तो त्याला अतिशय वाटतो. पाच पंचे पंचवीस. बाकी सात गोष्टी ठीक. मग पंचवीस भागिले दोनशे, म्हणजे साडेबारा टक्के. अहवालात साडेबारा वाचणाऱ्याला वाटेल, फार काही नाही. तिकडे त्या माणसाने एकही जेवण सुखाने केलेलं नाही. म्हणून पुढे मुलांसाठीची आवृत्ती करताना संशोधकांनी बेरजेबरोबर सगळ्यात वाईट एका गोष्टीचा गुणही बघायला सुरुवात केली. आपल्या फॉर्ममध्ये मी दोन्ही आकडे दाखवले आहेत.

काही प्रश्न आपल्या वस्त्यांत वेगळेच चालतात, तेही सांगून ठेवतो. बोलताना अडचण येते का, हे मी एका मागवाल्याला विचारलं. तो म्हणाला, ‘कारखान्यात बोलतंय कोण?’ बारा तास मागांच्या खडखडाटात माणसं हातवाऱ्यांनी बोलतात. त्याच्या तोंडातून शब्द नीट निघत नाहीत हे घरच्यांनाही उशिरा कळलं. तो तिशीचा आहे. रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून सुपारी-तंबाखूच्या पुड्या खायचा. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पुड्या मिळायच्या कुठे थांबल्या? त्याचं तोंड आता दोन बोटं कशीबशी जातील एवढंच उघडतं. धडधाकट माणसाच्या तोंडात तीन बोटं उभी जातात, तुम्ही आत्ता करून बघू शकता. (बघा, लाजू नका.) सुपारीमुळे गालाची आतली त्वचा कडक होत जाते, त्याला डॉक्टर सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात, आणि त्यातून पुढे कर्करोग होण्याचा धोका असतो. हा तरुण पाव हाताने दाबून चपटा करतो आणि कडेने आत सरकवतो. तिखट लागलं की तोंडात आग होते. चौदा प्रश्नांत ‘तोंड किती उघडतं’ हा प्रश्न नाही. ॲडलेडच्या त्या ६४ रुग्णांत सुपारी खाणारे कुठून असणार! भारतातल्या संशोधकांनी या आजारासाठी वेगळी प्रश्नावली केली आहे. आपण ती वापरत नाही, पण तीन बोटांची तपासणी फॉर्ममध्ये टाकली आहे. दोनच बोटं गेली तर गुण मोजत बसू नका, त्याला तपासणीला पाठवा.

शरमेचा प्रश्न सगळ्यात अवघड. इंग्रजीत दोन वेगळे प्रश्न आहेत. एक, आपल्या तोंडाकडे लोकांचं लक्ष आहे असं सतत वाटत राहणं. दुसरा, चारचौघांत ओशाळं होणं. माझ्या पहिल्या भाषांतरात दोन्हींचं ‘शरम’ झालं होतं, आणि लोक म्हणायचे, हे आत्ताच विचारलंत की. आता पहिल्यासाठी ‘लोक माझ्या दातांकडे बघताहेत असं वाटतं का’ आणि दुसऱ्यासाठी ‘कानकोंडं होतं का’ असं ठेवलं आहे. उर्दू फॉर्ममध्येही दोन वेगळे शब्द घातले आहेत. भाषांतर एकाने केलं, दुसऱ्याने मूळ न बघता ते परत इंग्रजीत नेलं, आणि मग दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून तपासलं. ‘कामधंदा’ इथेच पकडला गेला असता, तेव्हा हे केलं असतं तर.

आणि हसण्याचं. बाई हसताना ओढणी तोंडावर घेते. ती सवय आहे, रीत आहे की दात लपवणं आहे, हे बघून कळत नाही. अंदाज बांधून लिहू नका, विचारा. एका मुलीने मला सांगितलं की कोरोनाच्या मास्कची दोन वर्षं तिची सगळ्यात मोकळी गेली. तिचे पुढचे दोन दात पडलेले आहेत. हे तिने तिच्या भावासमोर सांगितलं नसतं.

त्यावरूनच पुढची सूचना. बाईची उत्तरं बाईनेच विचारायची, आणि एकटीला. दारातून मुलगा ‘अम्मी को कुछ तकलीफ नहीं’ म्हणेल. त्याला नम्रपणे पाणी मागा, चहा मागा, काहीही मागा. त्याचं उत्तर फॉर्मवर लिहायचं नाही.

‘गेल्या सहा महिन्यांत’ असं विचारलं तर लोक हवेत बघतात. ‘मागच्या ईदपासून’ विचारा, किंवा ‘दिवाळीपासून’, ज्या घरात जे चालतं ते. मात्र कोणती खूण वापरली ते फॉर्मवर लिहा. मला तारखेत बदलता येतं.

फॉर्ममध्ये आता ‘लागू नाही’ आणि ‘उत्तर दिलं नाही’ अशी दोन वेगळी बटणं आहेत. दोनपेक्षा जास्त उत्तरं राहिली तर बेरीज दिसतच नाही. मला अनेकांनी सांगितलं, बेरीज तरी दाखव, काम अडतं. नाही दाखवणार. मूळ चौदा प्रश्नांना हात लावलेला नाही, कारण ते बदलले तर इतर ठिकाणच्या आकड्यांशी तुलना करता येणार नाही. पण त्यांच्या आधी एक प्रश्न घातला आहे, त्याला गुण नाहीत : पूर्वी आवडीने खायचात आणि आता खात नाही, असं काय काय आहे? जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहायचं. फुटाणे, भाकरी, पेरू, बोटी, सुपारीसुद्धा. या प्रश्नाला वेळ लागतो. लोक आधी ‘काही नाही’ म्हणतात आणि मग यादी सुरू होते.

शेवटचं. वस्तीत जाण्याआधी हा फॉर्म प्रत्येकाने आपापल्या घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसासाठी भरायचा आहे, गंमत म्हणून नाही, सराव म्हणून. मी माझ्या अम्मीचा भरला. एकाच घरात राहतो, रोज एका दस्तरखानावर जेवतो, आणि ती गाजर किसून का खाते हे मी तिला पहिल्यांदा तेव्हा विचारलं. तिची यादी अकरा पदार्थांची निघाली.

मराठी आणि उर्दू, दोन्ही फॉर्म दारापाशी टेबलावर ठेवले आहेत. मोबाइलवर भरायच्या आधी कागदावर भरा. रविवारी परत भेटू तेव्हा भरलेले आणा, कोऱ्या जागांसकट.